सिंगापुरात मुक्काम कुठे? टपालघरात, बागेत की सत्तावन्नाव्या मजल्यावरच्या पाण्यात?

मार्च १८८९ मध्ये तेवीस वर्षांचा एक पत्रकार कलकत्त्याहून बोटीने निघाला आणि रंगून, पिनांग करत सिंगापूरला उतरला. जन्म मुंबईचा, तोही जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. नाव रुडयार्ड किपलिंग. इथल्या हॉटेलांविषयी त्याने जे लिहिलं त्याचा मथितार्थ सरळ होता: जेवायचं ‘रॅफल्स’मध्ये, कारण तिथलं जेवण उत्तम; झोपायचं ‘हॉटेल द ल’युरोप’मध्ये, कारण रॅफल्सच्या खोल्या वाईट. रॅफल्सचे मालक हुशार. त्यांनी अभिप्रायातला जेवणाचा भाग तेवढा उचलला, झोपेच्या भागावर कात्री चालवली आणि जाहिरातीत किपलिंगचं नाव खुशाल वापरलं.

पुढची गंमत काळाने केली. ज्या हॉटेलात झोपायला सांगितलं होतं ते १९३६ साली पाडलं गेलं. तिथे सुप्रीम कोर्टाची घुमटवाली इमारत उभी राहिली आणि आज तीत नॅशनल गॅलरीची चित्रं लागली आहेत. वाईट खोल्यांचं रॅफल्स मात्र आशियातल्या सर्वांत नावाजलेल्या हॉटेलांत जाऊन बसलं. तिथे आता साधी खोली मिळतच नाही; आहेत ते ११५ स्वीट.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्ती, मुलीची पहिली नोकरी... कारण काहीही असो, ‘एकदा तरी झकास हॉटेलात राहू’ असं ठरवून सिंगापूरचं तिकीट काढणारी मराठी घरं आता पुष्कळ आहेत. मग सुरू होते ती तारे मोजण्याची कसरत. पण जगभरच्या हॉटेलांना तारे वाटणारी एकच एक संस्था अस्तित्वात नाही, त्यामुळे पाच तारे पाहून फारसं काही कळत नाही. सिंगापुरात हॉटेल निवडायची माझी रीत वेगळी आहे. मी तीन गोष्टी विचारते: ही इमारत आधी काय होती, खिडकीतून काय दिसतं, आणि आपण त्या खोलीत जागेपणी किती वेळ असणार? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला लागलं की हे शहर एकेक किस्सा बाहेर काढायला लागतं.

वाघ, शेंगदाणे आणि डबा

आधी रॅफल्सच. १ डिसेंबर १८८७ रोजी सार्कीज बंधूंनी बीच रोडवरच्या दहा खोल्यांच्या बंगल्यात ते सुरू केलं. हे कुटुंब इराणातल्या इस्फहानकडचं, आर्मेनियन. पिनांगचं ‘ईस्टर्न अँड ओरिएंटल’ आणि रंगूनचं ‘स्ट्रँड’ हीसुद्धा त्यांचीच. तेव्हा बीच रोडसमोर खरोखर समुद्र होता. नंतर सिंगापूर भराव टाकत गेलं, समुद्र मागे हटत गेला आणि आज रॅफल्सच्या दारातून पाण्याचा थेंबही दिसत नाही. ‘बीच रोडवरचं हॉटेल’ म्हणून लाटांच्या आवाजाची आस धरून कुणी जाऊ नये.

इथली सगळ्यात गाजलेली गोष्ट वाघाची. १९०२ साली जवळच्या एका खेळातून सुटलेला वाघ हॉटेलच्या बिलियर्ड रूमखाली शिरला. ती खोली खांबांवर उचललेली होती, त्यामुळे खाली अंधारी पोकळी. रॅफल्स इन्स्टिट्यूशन या शाळेच्या हेडमास्तरांना बोलावणं गेलं आणि त्यांनी बंदुकीने त्याला टिपलं. हा सिंगापूरचा शेवटचा वाघ होता असं बरेच जण ठोकून देतात. ते खरं नाही. बेटावरचा शेवटचा रानटी वाघ १९३० साली मारला गेला, आणि बिलियर्ड रूमखालचा हा बिचारा तर खेळातला पाळीव होता.

लाँग बारमध्ये गेलात तर आधी पायांकडे लक्ष द्या. प्रत्येक टेबलावर गोणपाटाच्या पिशवीत शेंगा ठेवलेल्या असतात. शेंग फोडायची, दाणे तोंडात टाकायचे आणि टरफलं सरळ जमिनीवर. चालताना पायाखाली करकर आवाज येतो. डोक्यावर ताडाच्या पानांच्या आकाराचे पंखे एका लयीत हलत असतात. रस्त्यावर कागदाचा कपटा टाकला तरी दंड करणाऱ्या शहरात कचरा करायची ही राजरोस परवानगी! टेबलावर बहुधा एक गुलाबी पेलाही असतो, ‘सिंगापूर स्लिंग’. तो न्यिआम तोंग बून या हायनानी बारटेंडरने १९१५च्या सुमारास इथेच तयार केला असं हॉटेल सांगतं. जिन, अननसाचा रस, लिंबू, चेरीची लिकर आणि वर आणखी चारपाच गोष्टी. त्या काळी बायकांनी चारचौघांत दारू पिणं शिष्टसंमत नव्हतं, म्हणून सरबतासारखं दिसणारं पेय त्यांच्यासाठी बनवलं, अशी त्यामागची कथा.

मराठी पाहुण्याला मात्र सगळ्यात घरचं वाटेल ते टिफिन रूममध्ये. एवढ्या राजेशाही दालनात उत्तर भारतीय जेवण चक्क पुडाच्या डब्यात समोर येतं. पांढरेशुभ्र खांब, चकाकती लाकडी जमीन आणि मधोमध डबा. मुंबईच्या लोकलमध्ये डब्यांच्या फळ्या वाहून नेणारे डबेवाले पाहिलेल्या माणसाला ते बघून भरून आलं तर नवल नाही.

दारात उंच, फेटेवाले शीख दरवान. त्यांच्यासोबत फोटो काढायला रांग लागते. शिखांची सिंगापूरशी ओळख मुख्यतः पोलिसांच्या निमित्ताने झाली. १८८१ साली इथे त्यांची स्वतंत्र तुकडी उभी राहिली होती. हॉटेलने पडता काळही पाहिला. जागतिक मंदीत, १९३१ साली सार्कीजांचं दिवाळं निघालं. जपानी सैन्य येणार म्हटल्यावर नोकरांनी मांस वाढायची चांदीची मोठी गाडी पाम कोर्टच्या बागेत पुरून ठेवली आणि युद्ध संपल्यावर उकरून काढली, असंही हॉटेलवाले सांगतात. १९८७ साली, शंभरीच्या वर्षात, ते राष्ट्रीय स्मारक झालं.

माझा सल्ला: दिवसभर भटकून रात्री फक्त पाठ टेकायला येणार असाल तर रॅफल्सवर पैसे घालू नका. इथली खरी चैन आहे स्वीटबाहेरचा व्हरांडा. तिथे वेताच्या खुर्चीत दुपार घालवायची तयारी असेल तरच खोली घ्या. नाही तर बाहेरून येऊन लाँग बारमध्ये एक पेला, टिफिन रूममध्ये एक जेवण, बस्स.

पत्रांच्या घरात झोप

सिंगापूर नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उंच, करड्या खांबांची एक अवाढव्य इमारत आहे. मुंबईच्या फोर्टात वावरलेल्या माणसाला ती एकदम ओळखीची वाटते. १९२८ साली बांधून पूर्ण झालेल्या या ‘फुलर्टन’मध्ये जनरल पोस्ट ऑफिस होतं. टपालाचं काउंटर होतं तीनशे फूट लांब! पत्रांच्या थैल्या बोटीवर पोचवायला इमारतीखालून धक्क्यापर्यंत भुयार काढलं होतं. सिंगापुरातली रस्त्यांची अंतरं याच टपालघरापासून मोजत. आणि १९५८ मध्ये गच्चीवर चक्क दीपगृह बसवलं, ते १९७९पर्यंत जहाजांना वाट दाखवत होतं.

१९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडायच्या बेतात असताना याच इमारतीत तात्पुरतं रुग्णालय उभं राहिलं होतं. त्यानंतर जपानी लष्करी प्रशासन इथे आलं. इतकं सगळं पाहून झाल्यावर २००१ मध्ये तिचं ४०० खोल्यांचं हॉटेल झालं. जुन्या काळाची खूण म्हणून लाल टपालपेट्या ठेवल्या आहेत. मुलांना घरच्या पत्त्यावर एक कार्ड पाठवायला सांगा. फोनवरच्या शंभर फोटोंपेक्षा ते जास्त टिकेल.

फुलर्टनच्या दारातच कॅव्हेना पूल आहे, आणि त्याच्या तोंडाशी एक जुनी पोलिसी पाटी आहे. तीन हंड्रेडवेट, म्हणजे साधारण दीडशे किलो, यापेक्षा जड वाहनं आणि सगळी गुरं नि घोडे यांना पुलावर बंदी. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा बैलगाड्यांचा हा नियम गगनचुंबी बँकांच्या सावलीत अजून उभा आहे. पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पूल ओलांडून पाच-दहा मिनिटं चाललं की एस्प्लनेड पार्क. इथे आझाद हिंद सेनेच्या शहीद जवानांचं स्मारक होतं. पायाभरणी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी जुलै १९४५ मध्ये केली. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश परत आले आणि त्यांनी ते सुरुंग लावून पाडलं. १९९५ साली त्या जागी सिंगापूरने स्मृतिफलक उभारला. शेजारचं मैदान म्हणजे पडांग. जुलै १९४३ मध्ये नेताजींनी इथेच सेनेची पाहणी केली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला हंगामी सरकारची घोषणा झाली ती कॅथे बिल्डिंगमध्ये, तीही फार लांब नाही. फुलर्टनमध्ये उतरलेल्या भारतीयाने सकाळच्या नाश्त्याआधी हा फेरा करावाच. या गोष्टी कुठल्याही सहलीच्या पत्रकात ठळक छापलेल्या मी पाहिल्या नाहीत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थोडं पुढे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल. पांढरंशुभ्र. ते बांधलं हिंदुस्थानातून शिक्षा भोगायला आणलेल्या कैद्यांनी. भिंतींना गिलावा आहे तो मद्रासी चुन्याचा: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर यांचं मिश्रण, नारळाच्या सोडणाच्या पाण्यात कालवलेलं, आणि मग घासून घासून चमकवलेलं. भिंतीवरून हात फिरवून बघा. ज्यांच्या हातांनी ती गुळगुळीत झाली त्यांची नावं तिथे कुठे नाहीत.

तीन मनोरे, एक होडी

आता ज्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो ते. मरिना बे सँड्स २०१० मध्ये उघडलं. वास्तुविशारद मोशे सफदी. पंचावन्न मजल्यांचे तीन मनोरे आणि त्यांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली ३४० मीटर लांब होडी. आयफेल टॉवर आडवा पाडून तीवर ठेवला तरी मावेल! या होडीत सत्तावन्नाव्या मजल्यावर सुमारे दीडशे मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव आहे, जमिनीपासून जवळजवळ २०० मीटर उंचीवर.

हा तलाव म्हणजे अभियांत्रिकीचा पराक्रम आहे. उंच मनोरे वाऱ्याने हलतात, आणि तिन्ही एकाच तालात हलत नाहीत. त्यात खालची जमीन भराव टाकून केलेली, ती वर्षानुवर्षं थोडी थोडी बसत राहते. म्हणून तलावाच्या तळात सरकणारे सांधे ठेवले आहेत आणि खाली शेकडो जॅक आहेत. एखादी बाजू खचली तर उचलून पाण्याची पातळी पुन्हा सारखी करता येते. काठावरून पाणी जणू शहरात सांडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते खालच्या पन्हाळीत पडतं आणि पंपाने परत वर येतं.

इमारतीच्या वजनाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. १५ मार्च १९८६ रोजी याच शहरात सेरांगून रोडवरची सहा मजली इमारत मिनिटभरात कोसळली. तळमजल्यावर बँक होती, वर ‘हॉटेल न्यू वर्ल्ड’. ३३ माणसं गेली. चौकशीत कळलं की खांबांचा हिशेब करताना इमारतीचं स्वतःचं वजनच धरलं नव्हतं. त्यानंतर सिंगापुरात इमारतींची ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची झाली. उंचावरच्या त्या पाण्यात आपण निर्धास्त तरंगतो त्यामागे हा कडक कायदाही उभा आहे.

तलावात जायचं तर हॉटेलात राहावंच लागतं. खोलीचं कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. निरीक्षण-सज्जा मात्र तिकीट काढून कुणालाही खुला आहे. तेव्हा हिशेब सोपा आहे. पोहायचं असेल तर इथे एकच रात्र घ्या आणि पहाटे तलावात उतरा. सिंगापुरात सूर्य वर्षभर सकाळी सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो, कारण विषुववृत्त इथून जेमतेम १३७ किलोमीटरवर. मुहूर्त चुकायची भीती नाही. फक्त दृश्य हवं असेल तर तिकीट पुरे. आणि मरिना बे सँड्स ही इमारतच डोळे भरून बघायची असेल तर ती सोडून खाडीपलीकडचं कुठलंही हॉटेल घ्या, कारण तिच्या आत राहिलं की तीच तेवढी दिसत नाही. खोली घेताना ‘शहराची बाजू’ की ‘बागेची बाजू’ हे ठरवा. बागेच्या बाजूला गार्डन्स बाय द बे आणि तिथले महावृक्ष दिसतात, त्यातला सर्वांत उंच ५० मीटरचा.

खाली कॅसिनो आहे. परदेशी पाहुण्याला पासपोर्ट दाखवून फुकट प्रवेश. सिंगापूरच्या नागरिकाला मात्र चोवीस तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर सरकारजमा करावे लागतात. आपल्या माणसांनी जुगारापासून लांब राहावं म्हणून सरकारने केलेली ही सोय. मला ती आवडते.

टबमधून खाडी, जिन्याने त्र्याहत्तर मजले

रिट्झ-कार्लटन मिलेनियाची ख्याती एका गोष्टीसाठी: अंघोळीच्या टबाशेजारी मोठी अष्टकोनी खिडकी. पाण्यात पडल्या पडल्या मरिना बेचा पूर्ण देखावा. त्याशिवाय हॉटेलभर हजारो कलाकृती मांडल्या आहेत, फ्रँक स्टेला आणि डेल चिहुली यांच्यासारख्यांच्या. संग्रहालयाचं तिकीट वाचलंच म्हणायचं.

स्विसोटेल द स्टॅमफर्ड १९८६ साली उघडलं तेव्हा जगातलं सर्वांत उंच हॉटेल होतं. ७३ मजले, २२६ मीटर, रेखाटन आय. एम. पेई यांचं. इथे जिना चढण्याची शर्यत भरत आली आहे: पायऱ्या १,३३६. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी आधी सिंहगड करून पाहावा.

जिथे नेते उतरतात

शांग्री-ला ही साखळी जगभर पसरली, तिचं पहिलं हॉटेल सिंगापुरात, १९७१ सालचं. मालक रॉबर्ट क्वोक. मलेशियाच्या या उद्योगपतीला आशियाचा ‘साखरसम्राट’ म्हणत. आपल्याकडच्या साखरसम्राटांनी कारखाने, बँका आणि कॉलेजं काढली. या गृहस्थाने साखरेच्या पैशांतून हॉटेलांचं साम्राज्य उभं केलं. शहराच्या मध्यावर असूनही तिथे पंधरा एकरांची बाग आहे, आणि गार्डन विंगच्या सज्ज्यांतून बोगनवेल लोंबते. लहान मुलं बरोबर असतील तर माझं मत याच हॉटेलला.

७ नोव्हेंबर २०१५ रोजी इथे चीनचे शी जिनपिंग आणि तैवानचे मा यिंग-जिऊ भेटले. १९४९ नंतर दोन्हीकडच्या नेत्यांची ही पहिलीच भेट. कोण यजमान आणि कोण पाहुणा हा प्रश्न इतका नाजूक की एकमेकांना ‘श्रीयुत’ एवढंच म्हणायचं ठरलं, आणि जेवणाचं बिल दोघांनी निम्मं निम्मं भरलं! दरवर्षी आशियाच्या सुरक्षेवर जी मोठी परिषद भरते, तिला या हॉटेलचंच नाव पडलं आहे: शांग्री-ला डायलॉग. २००२ पासून चालू. २०१८ मध्ये तिथलं बीजभाषण पंतप्रधान नरेंद्र मोदींनी केलं.

त्याच वर्षी, १२ जूनला, डोनाल्ड ट्रम्प आणि किम जोंग-उन भेटले ते सेंटोसा बेटावरच्या ‘कॅपेला’मध्ये. १८८०च्या दशकातल्या ब्रिटिश तोफखान्याच्या वास्तू आणि त्यांना जोडून फॉस्टर अँड पार्टनर्सने केलेलं नवं बांधकाम असं ते हॉटेल आहे. हिरवळीवर मोर मोकळे फिरतात. दोघांनी सह्या केल्या ते लांबलचक सागवानी टेबल नॅशनल गॅलरीकडून मागून आणलं होतं; एके काळी ते सिंगापूरच्या सरन्यायाधीशांच्या वापरात होतं. ट्रम्प राहिले शांग्री-लात, किम सेंट रेजिसमध्ये. या सगळ्या सोहळ्याचा खर्च सिंगापूर सरकारने उचलला: १ कोटी ६० लाख सिंगापूर डॉलरहून थोडा जास्त.

कॅपेला शहरापासून बाजूला आहे. बाजारहाट, लिटल इंडिया, संग्रहालयं असा बेत असेल तर रोजचं जाणं-येणं अंगावर येईल. निवांत पडून राहायचं असेल तर याहून चांगली जागा शहरात नाही.

शत्रूचा क्लब, डुरियनचा मेवा

गुडवुड पार्कचा टोकदार मनोरा बघून जर्मनीतल्या किल्ल्याची आठवण येते आणि ते बरोबरच आहे. १९०० साली तो जर्मन लोकांचा ट्यूटोनिया क्लब होता. पहिलं महायुद्ध पेटलं आणि ‘शत्रूची मालमत्ता’ म्हणून ब्रिटिशांनी ताब्यात घेतला. १९२२ मध्ये जगप्रसिद्ध नर्तिका ॲना पाव्हलोवा इथे नाचली. १९२९ मध्ये हॉटेल झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेच युद्धगुन्ह्यांचे खटले चालले. एवढ्या इमारतीत किती आयुष्यं मावली!

डुरियन हे फणसाचं चुलत भावंड शोभेल असं फळ, वासाने मात्र कैकपट दांडगं. मेट्रोत न्यायला बंदी, बहुतेक हॉटेलांच्या खोल्यांतही बंदी. गुडवुड पार्कमध्ये मात्र दरवर्षी हंगामात डुरियनच्या केक-पफांचा महोत्सव भरतो. कोकणात वाढलेल्यांनी बिचकायचं कारण नाही. बरका फणस पचवलेल्या नाकाला हे जमतं.

झाडात लपलेलं

चायनाटाउनच्या कडेला ‘पार्करॉयल कलेक्शन पिकरिंग’ २०१३ मध्ये उभं राहिलं. सिंगापूरच्याच ‘वोहा’ या संस्थेचं काम. भातखाचरांसारख्या लाटा घेत गेलेले सज्जे, आणि त्यांवर १५,००० चौरस मीटर हिरवळ, म्हणजे हॉटेलच्या जमिनीच्या दुपटीहून जास्त. झाडांना साठवलेलं पावसाचं पाणी देतात. तलावाच्या काठाशी पक्ष्याच्या पिंजऱ्याच्या आकाराच्या बैठका टांगल्यासारख्या दिसतात. रॅफल्स किंवा कॅपेलापेक्षा हे खिशाला बरंच परवडतं, आणि पुण्या-मुंबईच्या बांधकाम व्यावसायिकांनी इथे एक रात्र काढून वर मान करून बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. जमिनीचा तुकडा छोटा आहे म्हणून झाडं नाहीत, हे कारण या इमारतीपुढे टिकत नाही.

पैशांची गोष्ट

सिंगापुरात खोलीच्या किंवा जेवणाच्या दराशेजारी ‘++’ दिसलं की थांबा. पहिलं चिन्ह १० टक्के सेवाशुल्काचं, दुसरं वस्तू व सेवा कराचं. हा कर २०२४ पासून ९ टक्के आहे आणि तो सेवाशुल्कासकट रकमेवर लागतो. म्हणजे ५०० डॉलरची खोली प्रत्यक्षात ५९९ डॉलर ५० सेंटला पडते. त्या बदल्यात टिप द्यायची पद्धत नाही. नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटल्यांवर पैसे घालू नका.

फॉर्म्युला वनची रात्रीची पहिली शर्यत जगात कुठे झाली असेल, तर इथेच, २००८ साली. मरिना बेभोवतीच्या रस्त्यांवर गाड्या धावतात आणि आसपासच्या हॉटेलांचे दर त्या आठवड्यात भडकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला जाणार असाल तर आधी शर्यतीच्या तारखा बघा. शर्यत बघायची नसेल तर तो आठवडा टाळा.

मुंबईहून रात्री निघालेलं विमान साडेपाच तासांत पोचतं, सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे तुम्ही सकाळी दारात उभे. खोली मिळणार दुपारी. सामान हॉटेलात ठेवायला कुणी नाही म्हणत नाही. तेवढ्या वेळात सेरांगून रोडवर १९४७ पासून चालू असलेल्या ‘कोमला विलास’मध्ये डोसा खाऊन या. पंचतारांकित नाश्ता दराबरोबर येत नसेल तर तो वेगळा विकत घेण्यात अर्थ नाही. या शहराची फेरीवाल्यांची खाद्यसंस्कृती युनेस्कोच्या यादीत २०२० मध्ये गेली आहे. फुलर्टनपासून चालत जाता येईल अशा लाऊ पा सात या बाजाराची ओतीव लोखंडाची इमारत १८९४ची आहे, आणि तिथे जेवायला रॅफल्समधल्या एका पेल्याच्या निम्मे पैसेही लागत नाहीत.

मग निवड कोणती?

पहिल्यांदाच जात असाल, शहर पायी बघायचं असेल आणि इतिहासात रस असेल तर फुलर्टन. मुलं असतील तर शांग्री-ला. नवपरिणीत असाल तर कॅपेला. घरातल्या आजी-आजोबांना शांत व्हरांडा हवा असेल आणि खर्चाचा विचार बाजूला ठेवता येत असेल तर रॅफल्स. सगळ्या रात्री एकाच महाग ठिकाणी काढायची गरज नाही. तीन रात्री मध्यम हॉटेलात आणि शेवटची एक रात्र मनाजोगत्या ठिकाणी, ही वाटणी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. शेवटच्या रात्री सामान बांधलेलं असतं, फिरणं झालेलं असतं, आणि हॉटेलात बसायला खरोखर वेळ असतो.

आणि पैसे भरण्याआधी हॉटेलला एक ई-मेल जरूर पाठवा: खोली कितव्या मजल्यावर आहे, खिडकी नेमकी कोणत्या दिशेला उघडते, आणि दरात दोन्ही ‘प्लस’ धरले आहेत का. उत्तर लेखी आल्यावरच कार्ड बाहेर काढा.